पहिला बरा होता

आमच्या घराण्यात आजवर दोनच गोष्टींवरून लोकांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं आहे. एक, गावच्या आंब्याच्या झाडांची वाटणी, आणि दुसरी, 'जंगल बुक'. आंब्याचं प्रकरण कोर्टात गेलं आणि झाडं वठली तेव्हा आपोआप मिटलं. 'जंगल बुक'चं प्रकरण ८ एप्रिल २०१६ पासून चालू आहे आणि त्याचा मुख्य आरोपी मी आहे, कारण तिकिटं मी काढली होती.

त्या दिवशी शुक्रवार होता आणि गुढीपाडवाही होता. सिनेमा अमेरिकेत लागायच्या बरोबर एक आठवडा आधी आपल्याकडे लागत होता. हे पेपरात वाचून माझा ऊर उगीचच भरून आला. अमेरिकेच्या आधी आपल्याला काही मिळण्याचे प्रसंग आयुष्यात किती येतात? उन्हाळा आणि डास सोडले तर मला तरी आठवत नाही. त्या भरात मी सहा तिकिटं काढून मोकळा झालो. मी, बायको, नऊ वर्षांचा मुलगा, आमचे अण्णा, गिरगावची आत्या आणि दादरचा मेहुणा.

तिकिटं काढण्याआधी एक फेरी झडली होती ती हिंदी की इंग्रजी यावर.

मेहुणा हिंदू कॉलनीत राहतो आणि इराणी सिनेमे बघतो. आम्हाला इराणी म्हटलं की ब्रून मस्का आठवतो, त्याला कियारोस्तामी आठवतो. एवढा फरक पोटात घालून आम्ही त्याला सांभाळून घेतलेलं आहे.

"भावोजी, डब केलेला सिनेमा म्हणजे शिळी पुरणपोळी," तो फोनवर म्हणाला. फोन स्पीकरवर होता.

"शिळीच छान लागते रे, तूप घालून," आत्या म्हणाली.

"अहो आत्या, इंग्रजीत बगीराला बेन किंग्जलीचा आवाज आहे!"

"कोण, तो गांधीजींचं काम केलेला?"

"तोच."

"मग तो वाघाशी मारामारी कसा करणार?"

पलीकडे जरा वेळ शांतता होती. हिंदीतला बगीरा ओम पुरींचा आहे, असं मी मध्ये घातलं. तर मेहुणा म्हणाला, ॲटनबरोच्या 'गांधी'त ओम पुरीसुद्धा होते. म्हणजे दोन्ही भाषांत बगीरा अहिंसावादी निघाला. शेवटी निकाल हिने लावला. "शेरखान नाना पाटेकरच आहे ना? मग हिंदी." आमच्या लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर जो मोगली लागायचा, त्यातही शेरखानला नानाचाच आवाज होता. ज्या सिनेमात नाना डरकाळी फोडतो, तो कुणीही काढलेला असो, आमच्या लालबागात तो आपलाच मानतात.

पाडव्याची सकाळ ठरल्याप्रमाणे गिरगावात गेली. फडके मंदिरापासून शोभायात्रा, ढोल-ताशे, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुली. आत्या सदुसष्टाव्या वर्षी नऊवारीत, नथ घालून, सकाळी सातपासून उभी. दुपारी श्रीखंड वाढताना म्हणाली, "ही आपली पूर्वापार परंपरा आहे हो."

"आत्या, असली यात्रा पहिल्यांदा डोंबिवलीत निघाली, १९९९ साली. गिरगावात त्याच्याही नंतर."

"तू श्रीखंड घे," आत्या म्हणाली. पुढे मला एकूण पाच वेळा श्रीखंड घ्यावं लागलं, कारण मी एकूण पाच वेळा बोललो.

वाद घालायचा असेल तर श्रीखंडाच्या आधी घालावा आणि सिनेमा बघायचा असेल तर श्रीखंडाच्या दुसऱ्या दिवशी बघावा. हे मला आज कळतं. तेव्हा आम्ही सहाही जण डोळे चोळत चर्नी रोडला गाडीत बसलो आणि लोअर परळला उतरलो.

थिएटर एका मॉलमध्ये होतं आणि मॉल एका गिरणीच्या जागेवर होता. अण्णा त्या गिरणीत साळखात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. त्यानंतर त्या आवारात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. ते आत शिरले, मान वर करून चिमणी आहे याची खात्री केली आणि सरळ एका बुटांच्या दुकानात घुसले.

"इथे आमचा जॉबर उभा राहायचा," त्यांनी तिथल्या पोराला सांगितलं.

"सर, साइज काय?" पोराने विचारलं.

"साइज मोठा होता. सातारचा होता."

त्यांना तिथून बाहेर काढेपर्यंत आत्या सरकत्या जिन्यापाशी अडकली होती. नऊवारीचा काष्टा आणि सरकता जिना यांची आयुष्यात कधी भेट होईल, असं दोन्ही बनवणाऱ्यांच्या मनात आलेलं नसावं. चौघांनी मिळून तिला वर नेलं. वर रखवालदाराने तिची पिशवी उघडली आणि चकल्यांचा डबा बाहेर काढला.

"आजी, बाहेरचे पदार्थ आत न्यायला बंदी आहे."

"बाहेरचं नाही रे बाबा, घरचं आहे."

"घरचंच बाहेरचं धरतात, आजी."

आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्याची दया आली. मग ती तिथेच दाराशी टेकली आणि आम्ही सहा जणांनी आणि त्या रखवालदाराने मिळून डबा संपवला. तोवर जाहिराती संपून सिनेमा सुरू व्हायची वेळ झाली होती. आत शिरताना पॉपकॉर्नचा भाव ऐकून अण्णांनी विचारलं, "किलोचा का?"

आता सिनेमा. तुम्हाला वाटेल, सहा माणसं एकाच पडद्यासमोर, एकाच रांगेत बसली म्हणजे त्यांनी एकच सिनेमा पाहिला. मलाही तसंच वाटत होतं.

अण्णांना थ्रीडीचा चष्मा मिळाला. त्यांचा स्वतःचा चष्मा होताच. एकावर एक दोन लावले तर खालचा नाकावरून घसरायचा. थ्रीडीचा एकटा लावला तर काहीच दिसायचं नाही. त्यांनी मधला मार्ग काढला आणि थ्रीडीचा चष्मा काढून खिशात ठेवला. दोन तास त्यांनी पडद्यावर सगळ्या जनावरांच्या दोन-दोन कडा पाहिल्या. त्यांचा अभिप्राय आजही कायम आहे: "जंगल बरं आहे, पण धुकं फार दाखवलंय."

ही चड्डीवाल्या गाण्याची वाट बघत होती. दूरदर्शनवरचं ते गुलजारांचं गाणं या नव्या सिनेमाच्या जाहिरातीसाठी पुन्हा वाजवलं होतं. सिनेमा सुरू झाला, मोगली धावायला लागला, तरी गाणं नाही. "अहो, गाणं कुठंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, येईल. त्यानंतर दर दहा मिनिटांनी तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू ते गाणं मी लालबागला घरी विसरून आलो होतो.

आत्याला अस्वलाचा नाच हवा होता. "हे अस्वल पंजाबी का बोलतंय?" ती मोठ्याने म्हणाली. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ मागे वळून म्हणाला, "इरफान खानने केलंय ना आजी." "इरफान गुणी आहे," आत्या म्हणाली, "पण अस्वल पंजाबी नव्हतं." त्या गृहस्थाच्या बायकोला हे पटलं, त्याला नाही, आणि पुढच्या रांगेतही वाद सुरू झाला.

मेहुणा सुरुवातीची वीस मिनिटं मला तंत्र समजावून सांगत होता. हे सगळं जंगल लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झालंय, जनावरं सगळी कॉम्प्युटरची, खरा फक्त तो एक मुलगा, नील सेठी. अण्णांनी हे ऐकलं आणि ते एकदम हळवे झाले. "म्हणजे पोरगं एकटंच हवेशी बोलत होतं? बिचारा." इतक्यात पडद्यावर तो का नावाचा अजगर आला. तो डोळे फिरवून मोगलीला गुंगी आणतो. मोगलीच्या आधी आमच्या मेहुण्याला आली. श्रीखंड आणि अजगर यांच्या संयुक्त प्रभावाखाली तो मान टाकून झोपला, तो मध्यंतरातही उठला नाही. एकदम दिवे लागले तेव्हा उठला आणि म्हणाला, "शेवट घाईत उरकलाय."

त्या रात्री त्याने मित्रांना पाठवलेलं परीक्षण सर्वांत लांब होतं.

मुलाला आमच्यापैकी कुणीच काही विचारलं नाही. तो तोंड उघडं ठेवून, चष्मा दोन्ही हातांनी धरून बघत होता. बाहेर पडताना एकदाच म्हणाला, "बाबा, परत बघायचा?" पण तेव्हा मोठी माणसं भांडत होती.

भांडण लोअर परळच्या पुलावर सुरू झालं. तिथे एरवीही उभं राहायला जागा नसते, आणि आम्ही ओरिजिनल कुठला या प्रश्नावर गोल करून उभे राहिलो.

अण्णांचं म्हणणं, ओरिजिनल म्हणजे साबूचा. १९४२ चा सिनेमा, त्यांनी तो लहानपणी कधीतरी मॅटिनीला पाहिला होता. साबू म्हैसूरकडचा, माहुताचा पोर, हॉलिवूडमध्ये जाऊन हिरो झाला. "खरे प्राणी होते त्यात. खरा वाघ, खरा हत्ती, खरा साप."

"अण्णा, साप रबरी होता," मेहुणा म्हणाला.

"रबरी असेल, पण खरा रबरी होता!"

याच्यापुढे कुणाला काही बोलता आलं नाही. मी आजही त्यावर विचार करतो.

आत्याचं म्हणणं, ओरिजिनल म्हणजे डिस्नेचं १९६७ चं कार्टून. तिने ते लग्नानंतर फोर्टातल्या एका थिएटरात पाहिलं, काकांबरोबर. ती हे इतक्या ठासून सांगत होती की मी विचारलं, "आत्या, त्यात नेमकं काय आवडलं तुला?"

"सगळंच."

"म्हणजे काय?"

आत्या जरा थांबली. "ह्यांनी नंतर फालुदा घेऊन दिला," ती म्हणाली. "आणि बसच्या रांगेत 'अगं' न म्हणता मला नावाने हाक मारली. आता ते कॉम्प्युटरला कसं जमणार?"

हिचं आणि माझं ओरिजिनल म्हणजे दूरदर्शनचं. आता त्यालाही ओरिजिनल म्हणणं म्हणजे कमालच, कारण ते मुळात जपानी कार्टून, हिंदीत डब केलेलं. पण आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर रंगीत टीव्ही एकच होता. त्या घरच्या काकूंची अट अशी की ज्याला मोगली बघायचा असेल, त्याने आधी त्यांचा एक हंडा खालून भरून आणायचा. रविवारी सकाळी आम्ही चौदा पोरं ओल्या चड्ड्यांनी त्यांच्या फरशीवर बसायचो आणि मागे स्टोव्हवर चहा उकळत असायचा. मोगली म्हटलं की माझ्या नाकात अजून रॉकेलचा वास येतो. लोअर परळच्या थिएटरात आवाज चारही बाजूंनी येत होता, थंडी वाजत होती, खुर्ची मागे रेलत होती. फक्त रॉकेल नव्हतं. मला सिनेमा काही चढला नाही.

एवढ्यात मेहुण्याने ठेवणीतला बाण काढला. "तुम्ही सगळेच चुकताय. ओरिजिनल म्हणजे किपलिंगचं पुस्तक. १८९४."

"कोण किपलिंग?"

"इथलाच. १८६५ साली जन्मला तो आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. वडील तिथे शिकवायचे."

"म्हणजे आमच्या गिरगावातलाच म्हण की!" आत्या म्हणाली. जे. जे. काही गिरगावात नाही, पण आत्याने एकदा ताब्यात घेतलेली जागा सोडवून आणणं कठीण असतं. त्या क्षणापासून मोगली हा आमच्या नात्यात आला आणि अमेरिकेने आपल्या माणसाची गोष्ट बिघडवली, असा ठराव पुलावर मंजूर झाला. पुस्तक मात्र आमच्यापैकी कुणीच वाचलेलं नव्हतं. नंतर कळलं की मेहुण्यानेही नाही.

पुढच्या आठवड्यात मी ते मुद्दाम वाचलं. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. तर त्यात अजगर हा मोगलीचा जिवलग दोस्त निघाला. आत्याच्या आवडत्या कार्टूनमधला तो नाचरा वानरराजा पुस्तकात औषधालासुद्धा नाही. तो डिस्नेने १९६७ मध्ये आपल्या पदरचा घातला. आणि किपलिंगने मध्य प्रांतातल्या सिवनीच्या जंगलाची ही गोष्ट लिहिली कुठे, तर अमेरिकेत, व्हरमाँट नावाच्या थंडगार मुलखात, बाहेर बर्फ पडत असताना. म्हणजे ओरिजिनल जंगलही बंद खोलीतच उभारलेलं होतं. हे सगळं मी मोठ्या उत्साहाने घरच्या ग्रुपवर टाकलं. आत्याने उत्तर पाठवलं: "पुस्तक वाचून कोणी सिनेमा बघतं का?" त्याखाली एक नमस्कार आणि एक गुलाबाचं फूल.

तेव्हापासून मला एक नाद लागला. रिमेकवरून कुणी भांडताना दिसलं की मी जवळ जाऊन उभा राहतो. आणि या विषयात गिरगावइतकं अनुभवी ठिकाण सापडायचं नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या मे महिन्यात इथल्या कॉरोनेशनमध्ये लागला. लोकांनी तो डोक्यावर घेतला. आणि चारच वर्षांनी, १९१७ मध्ये, फाळक्यांनी तीच गोष्ट पुन्हा चित्रित केली! भारतीय सिनेमा धड चालायला लागला नव्हता तेव्हा त्याचा रिमेक आला होता. मी पैजेवर सांगतो, त्या दिवशी कॉरोनेशनच्या बाहेर पागोटं घातलेला कुणीतरी गृहस्थ विडी पेटवत म्हणाला असणार, "पहिला बरा होता." आणि शेजारचा म्हणाला असणार, "पहिल्यात तारामती जास्त शोभत होती." पहिल्यातली तारामती म्हणजे अण्णा साळुंके नावाचे पुरुष. १९१७ सालीच आलेल्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोघांचंही काम साळुंक्यांनीच केलं. त्यात राम बरा की सीता बरी, यावरूनही दोन तट पडले असतील. पुढे १९३२ साली मराठीतला पहिला बोलपट आला, प्रभातचा 'अयोध्येचा राजा', तोही पुन्हा हरिश्चंद्राचाच. एका माणसाने स्वप्नात दिलेलं राज्य आपण किती वेळा वसूल केलं, याला काही हिशोब?

म्हणजे रिमेकचा आपल्याला मुळात तिटकारा नाही. प्रश्न कुणी केला याचा असतो. पु. लं.नी बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' घेऊन 'ती फुलराणी' केली, अत्र्यांनी 'चार्लीज आंट'ला नऊवारी नेसवून 'मोरूची मावशी' केली, त्याच्या कितीतरी आधी आगरकरांनी हॅम्लेटचा 'विकारविलसित' केला. आपण दुसऱ्याचं केलं की ते रूपांतर. हॉलिवूडने स्वतःचंच पुन्हा केलं की तो रिमेक. आणि दुसऱ्याने आपलं केलं की ती चोरी. 'सैराट'चा 'धडक' झाला तेव्हा आमच्या चाळीत जी संतापाची लाट आली, तशी पाणी चार दिवस आलं नव्हतं तेव्हाही आली नव्हती.

याच मुद्द्यावर माझ्या मुलाचं आणि अण्णांचं एकदा वाजलं. मुलाने कुठून तरी शोधून काढलं की 'झपाटलेला'तला तात्या विंचू १९९३ चा आणि अमेरिकेतला तो चकी नावाचा बाहुला १९८८ चा.

"आजोबा, म्हणजे तात्या विंचू चकीवरून आलाय."

"चकीने आपलं चोरलं असेल."

"अहो पण साल बघा ना!"

"साल काय बघायचं? तोंड बघ दोघांचं. अस्सल कोण वाटतो?"

मुलाने दोन्ही तोंडं पाहिली आणि गप्प बसला. रामदास पाध्यांनी घडवलेल्या त्या बाहुल्याकडे बघून मलाही कबूल करावं लागलं की अस्सलपणात तात्या बराच पुढे आहे.

कुणी म्हणेल, बदल केले म्हणून लोक चिडतात; काहीच बदललं नाही तर भांडण होणार नाही. हाही प्रयोग होऊन गेलाय. हिचकॉकचा 'सायको' १९६० चा. तो १९९८ मध्ये गस व्हान सान्ट नावाच्या दिग्दर्शकाने जवळजवळ शॉटला शॉट लावून, संवादाला संवाद ठेवून पुन्हा केला, फक्त रंगीत. तर लोक त्याच्यावर सर्वांत जास्त तुटून पडले. मला याचं नवल वाटत नाही. आत्या दर उन्हाळ्यात लालबागला येऊन त्याच दुकानात, त्याच यादीने, त्याच प्रमाणात मसाला कुटून घेते आणि घरी नेऊन बोट चाटून म्हणते, "गेल्या वर्षीचा वेगळाच होता." गणपतीची ऑर्डर देतानाही आमच्या मंडळाची सूचना ठरलेली असते: मूर्ती तंतोतंत गेल्या वर्षीसारखी हवी, पण काहीतरी नवीन वाटलं पाहिजे. आमचे मूर्तिकार ही सूचना वर्षानुवर्षं मान डोलावून ऐकतात आणि आपल्याला हवं ते करतात. हॉलिवूडवाल्यांनी हाच मार्ग धरावा.

२०१९ च्या जुलैत 'द लायन किंग' नव्याने आला. मी शपथ घेतली होती की घरच्यांना घेऊन रिमेकला जाणार नाही, आणि मी जाणार नव्हतोच. आत्यानेच तिकिटं काढली. सिंहाला शाहरुखचा आणि सिंहाच्या मुलाला शाहरुखच्या मुलाचा आवाज आहे, हे तिला भाजीवाल्याने सांगितलं होतं. 'जंगल बुक' करणारे जॉन फॅवरोच इथेही दिग्दर्शक होते, आणि या वेळी त्यांनी तो एक मुलगाही ठेवला नव्हता. मेहुण्याने माहिती पुरवली की अख्ख्या सिनेमात कॅमेऱ्याने टिपलेलं खरं दृश्य एकच, सुरुवातीचा सूर्योदय.

"बरं झालं, सूर्य तरी ठेवला," अण्णा म्हणाले. या वेळी ते स्वतःच्या चष्म्यावर रबर बांधून आले होते.

जगभरच्या लोकांनी या सिनेमाविषयी एकच तक्रार केली: सिंह हुबेहूब सिंहासारखे दिसतात, पण त्यांच्या तोंडावर भावच नाहीत. जुन्या कार्टूनमधला तो दुष्ट काका कसा भुवया उडवत बोलायचा! इथे तो सख्ख्या भावाला कड्यावरून ढकलतो आणि चेहरा मात्र बँकेत पासबुक भरायला उभा असल्यासारखा. मेहुणा मध्यंतरात यावर पोटतिडकीने बोलला. मी मान डोलावली. हिनेही डोलावली.

आत्या म्हणाली, "हेच खरं आहे."

"काय?"

"आंब्याच्या वाटणीच्या वेळी आपले भाऊबंद असेच बसले होते. तोंडावर रेष हलली नाही कुणाच्या. कार्टूनमध्ये काहीतरी नाटकीच दाखवलं होतं." तिने समोशाचा तुकडा मोडला. "हा चांगला केलाय."

घराण्यात रिमेकच्या बाजूने पडलेलं हे पहिलं मत. अण्णांनी लगेच विरुद्ध मत दिलं, कारण वाटणीच्या वेळी त्या भाऊबंदांत तेही बसले होते.

मधल्या काळात आमच्या चाळीचाच रिमेक झाला. बिल्डरच्या माणसाने काचेच्या पेटीत इमारतीचं मॉडेल आणलं, भोवती हिरवा स्पंज लावून केलेली झाडं, आणि सत्तेचाळीस बिऱ्हाडं त्याच्याभोवती जमली. सभा चार वर्षं चालली. एकाला जुन्यासारखी सलग गॅलरी हवी होती, पण शेजाऱ्याला आत डोकावता येणार नाही अशी. दुसऱ्याला संडास घरात हवा होता, पण मोकळं अंगणही हवं होतं. एका आजोबांनी बिल्डरच्या माणसाला विचारलं, "त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीचा जो आवाज येतो, तो राहणार का?" त्या माणसाने वहीत लिहून घेतलं. आता आम्ही बाविसाव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, दार लावून घेता येतं. आणि संध्याकाळी खाली बाकांवर बसून सगळे जण म्हणतात, पहिली बरी होती. यातल्या निम्म्या लोकांनी पहिलीला चाळीस वर्षं शिव्या घातलेल्या मी स्वतःच्या कानांनी ऐकल्या आहेत. उरलेल्या निम्म्यांत मी होतो.

आता मूळ खटल्याकडे येतो, कारण त्यात गेल्या दिवाळीत नवा साक्षीदार मिळाला.

माझा मुलगा आता कॉलेजात आहे. शेजारच्या बिऱ्हाडातला सात वर्षांचा पोरगा त्याच्याकडे येऊन मोबाइलवर कुठला तरी नवा मोगली बघत बसला होता, कॉम्प्युटरने आपोआप बनवलेला, तीन मिनिटांचा. मोगलीच्या एका हाताला सहा बोटं होती. माझ्या मुलाने तो जरा वेळ पाहिला आणि इतक्या तुच्छतेने मान हलवली की मला क्षणभर अण्णाच दिसले.

"हे काय बघतोस? ओरिजिनल बघ. ओरिजिनलची सर नाही कशाला."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आलो. "ओरिजिनल म्हणजे कुठला रे? साबूचा की कार्टून?"

"ते कुठले? आमच्या वेळचा, दोन हजार सोळाचा," तो म्हणाला. "पाडव्याला गेलो होतो ना आपण. दाराशी बसून चकल्या खाल्ल्या, त्या वॉचमनकाकांनी तीन घेतल्या. मग मामा घोरत होता आणि आजोबा धुकं धुकं म्हणत होते. काय सिनेमा होता तो!"

"त्यात अजगराचं पुढे काय होतं?" मी विचारलं.

त्याला आठवलं नाही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकणार नाही, मागच्या अनुभवाने शहाणा झालोय. पण येत्या शुक्रवारी आणखी एक रिमेक लागतोय आणि आत्याने फर्मान काढलंय, तेव्हा सहा तिकिटं काढली आहेत. मेहुण्याने तत्त्वासाठी बहिष्कार घातलाय, त्यामुळे एक तिकीट उरलंय. वाचकांपैकी कुणाला यायचं असेल तर जरूर कळवा. अट एकच, ओरिजिनल पाहिलेलं नसावं. चकल्या आमच्याकडून, मात्र त्या दाराशीच संपवाव्या लागतील.